दाइनिचीपासून वैकुंठापर्यंत

१५५१ साली जपानमधल्या यामागुची शहरात फ्रान्सिस झेवियर यांच्या लक्षात आले, की गेली दोन वर्षे आपण भलत्याच देवाचे नाव घेत आहोत.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमाला उतरले होते. जगाचा निर्माता एकच आहे, त्याची उपासना करा, असे ते सांगत आणि त्या निर्मात्याला ‘दाइनिची’ म्हणत. शिंगोन पंथाचे बौद्ध भिक्षू यामुळे खूश होते. दाइनिची म्हणजे त्यांचाच महावैरोचन बुद्ध, आणि हे परदेशी साधू आले होते ते बुद्धाच्या देशातून, भारतातून. भिक्षूंनी त्यांचे आदराने स्वागत केले, शिकवण एकच आहे म्हणाले. या आपुलकीनेच झेवियर सावध झाले. त्यांनी भिक्षूंना त्रैक्याविषयी विचारले. त्या त्रैक्यातल्या एका व्यक्तीने मनुष्यदेह घेऊन क्रुसावर प्राण दिले, हे तुम्ही मानता का? भिक्षूंना हे काहीतरीच वाटले. दाइनिची म्हणजे आपला देव नव्हे, हे झेवियर यांना तिथे कळले. त्यांनी सोबतच्या हुआन फर्नांदेस यांना रस्त्यावर पाठवून जाहीर करायला लावले, की दाइनिचीची उपासना करू नका.

त्यानंतर जपानात लॅटिनमधला ‘देऊस’ हा शब्द आला. पण जपानी कानाला तो ‘दाइ उसो’सारखा, म्हणजे ‘मोठे खोटे’ असा ऐकू येई, आणि विरोधकांना थट्टेला आयतेच निमित्त मिळाले. १५५५ साली बाल्ताझार गागो या पाद्रींनी धर्मशिक्षणातले पन्नासहून अधिक जपानी शब्द घातक ठरवले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज-लॅटिन शब्द घालण्याचा आग्रह धरला.

‘दाइनिची’ची चूक जपानात उघडकीला आली, पण तिची सुरुवात आधीच झाली होती, आणि त्या वाटेवर गोवाही होते. झेवियर यांना हा शब्द दिला अंजिरो नावाच्या जपानी माणसाने. हातून खून झाल्यामुळे तो देश सोडून पोर्तुगीज जहाजावर चढला होता. मलाक्क्यात त्याची झेवियरशी गाठ पडली, तिथून तो गोव्याला आला, १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल कॉलेजात त्याचे शिक्षण सुरू झाले. तो पंडित नव्हता, आपल्या देशाच्या धर्मग्रंथांशी त्याची ओळख जुजबीच होती. त्याला विचारले, तुमच्याकडे सर्वश्रेष्ठ कोण? त्याने प्रामाणिकपणे आपल्याला ठाऊक असलेले नाव सांगितले. यात फसवणूक कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पुढची दोनशे वर्षे झेवियर यांच्या येशूसंघाला, म्हणजे जेजुइटांना, याच प्रश्नाने छळले: देवाला, स्वर्गाला, कृपेला, पवित्र आत्म्याला नव्या भाषेत काय म्हणायचे? त्यातले एक उत्तर आपल्या भाषेत तयार झाले.

हा संघ तेव्हा अगदी नवा होता. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या सात मित्रांनी १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर एकत्र शपथ घेतली. त्यांचा म्होरक्या होता लढाईत पाय मोडून घेतलेला इग्नेशियस लोयोला. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते इतर संघांतही होती. यांनी चौथे व्रत घेतले: पोप पाठवतील तिथे जायचे. ठरावीक पोशाख नाही, मठात दिवसातून अनेकदा एकत्र बसून प्रार्थना गाण्याचे बंधन नाही, उलट जिथे जाल तिथली भाषा शिका, अशी घटनेतच सूचना. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले, तेव्हा संघाला दोन वर्षेही झाली नव्हती. १५५६ मध्ये गोव्याला छापखाना आला, तोही याच संघाच्या कॉलेजात.

गोव्यात फ्रान्सिस्कन आधीच होते, डॉमिनिकन नंतर आले. ख्रिस्तीकरणासाठी मुलूख वाटून दिलेला होता: बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, सासष्टी जेजुइटांकडे. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. मंगेश आणि शांतादुर्गा आधीच नदीपलीकडे प्रियोळ आणि कवळ्याला गेले होते. ज्यांना गाव सोडता आले नाही किंवा सोडवले नाही, त्यांच्यातले पुष्कळ बाटले. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय होते, आणि नवख्रिस्तीच्या घरात जुनी पोथी सापडणे हा गुन्हा होता. पाद्री मात्र त्याच पोथ्या मिळवून, भाषांतर करवून घेऊन वाचत होते, कारण खंडन करायचे तर आधी समजून घ्यायला हवे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या गोष्टींची रोमन लिपीत उतरवलेली कोकणी-मराठी हस्तलिखिते आजही आहेत.

अशा सासष्टीत आयुष्याची जवळपास चाळीस वर्षे काढायला एक इंग्रज आला. टॉमस स्टीफन्स मूळचे विल्टशरचे. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे झाले होते. १५७५ मध्ये ते रोमला येशूसंघात दाखल झाले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. एकनाथांचे भागवत त्याच्या सहा वर्षे आधी काशीत पूर्ण झाले होते. एकनाथ आणि स्टीफन्स हे समकालीन होते, दोघेही ओवीचे कवी होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेशी शेजारी-शेजारी मांडली जात नाही.

१५८३ च्या जुलैत सासष्टीतल्या कुंकळ्ळीला पाच जेजुइट मारले गेले. त्यांचे प्रमुख रोदोल्फो आक्वाविवा नुकतेच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातून परतले होते. देवळे पाडल्याचा, सक्तीचा राग गावकऱ्यांच्या मनात होता आणि चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाद्रींवर तो फुटला. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करायच्या बहाण्याने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून, कसलाही न्यायनिवाडा न करता ठार मारण्यात आले. सोळांपैकी एकच जण निसटला. स्टीफन्स यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसला भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या लांब पत्रात आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिगत दिली. त्याच पत्रात एक अगदी वेगळी ओळ आहे: इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. युरोपात हा विचार शास्त्र म्हणून उभा राहायला अजून दोनशे वर्षे होती.

या दोन गोष्टींची सांगड मला कधी सुखाची वाटलेली नाही. सासष्टीतली भाषा स्टीफन्स यांनी मनापासून आपलीशी केली, हे खरे. ती भाषा ज्यांची होती त्यांची देवळे गेली होती, पोथ्या गेल्या होत्या आणि कुंकळ्ळीची माणसे दगा करून मारली गेली होती, हेही खरे. स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाबद्दल, म्हणजे बायबलची कथा मराठी ओवीत सांगणाऱ्या ग्रंथाबद्दल लिहिताना यातले एकच सांगणारे लेख मी वाचले आहेत, आणि ते अपुरे आहेत. कारण या ग्रंथाच्या जन्माची कथा स्वतः ग्रंथानेच सांगितली आहे, आणि तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत.

पहिल्या अवस्वरूत म्हणजे अध्यायात तो प्रसंग येतो. रविवारी दुपारी सासष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. गर्दीतला एक ब्राह्मण, आता ख्रिस्ती झालेला, उठून नम्रपणे बोलू लागतो. पाद्रीगुरूंनी शिकवलेली दोतीन चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी ऐकायला-वाचायला आम्हाला दुसरी का देत नाही? वेळ जायला, मन रमायला काहीतरी हवे. पाद्रींना हे म्हणणे पटते, आणि त्या मागणीचे उत्तर म्हणून पुराण सुरू होते. ‘दोतीन’ म्हणजे पोर्तुगीज ‘दोत्रिना’, प्रश्नोत्तरांचे छोटेसे पुस्तक. माणसाला धर्माचे नियम पाठ करून चालत नाही, त्याला कथा लागते, ऐकायला चार माणसे जमावी लागतात, कोणीतरी सुरात वाचावे लागते. देऊळ गेल्यावर यातले सगळेच गेले होते. त्या ब्राह्मणाच्या विनंतीत किती दुःख आहे हे कवीला कळले होते, नाहीतर त्याने तिला ग्रंथाच्या तोंडाशीच जागा दिली नसती.

ग्रंथ मोठा आहे. ‘पैलें पुराण’ छत्तीस अवस्वरूंचे, विश्वाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत म्हणजे जुन्या कराराचे. ‘दुसरें पुराण’ एकोणसाठ अवस्वरूंचे, येशूच्या जन्मापासून पुढचे. मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. सुरुवातीची मराठीची स्तुती सगळ्यांना माहीत असते, पण त्या भाषेचा खरा कस लागला तो बायबलमधल्या शब्दांशी झुंजताना.

स्वर्गाला स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. विष्णूचे धाम! ज्या गावातून विष्णूची, शिवाची, देवीची देवळे नाहीशी झाली होती, त्या गावच्या चर्चमध्ये ख्रिस्त वैकुंठातून येत होता आणि वैकुंठी जात होता. देव ‘परमेश्वर’ झाला, तारणाला ‘मुक्ती’ आणि ‘मोक्ष’ हे शब्द आले. पण पवित्र आत्मा मात्र ‘स्पिरितु सांतु’च राहिला, क्रूस आणि बाप्तिस्म्याची नावेही परकीच राहिली. हा कवी शब्द कमी पडले म्हणून अडणारा नव्हता. ‘आत्मा’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? पण आत्मा म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वेदान्त जागा होणार, देहादेहांतून फिरणारा जीव उभा राहणार, त्रैक्यातली तिसरी व्यक्ती नव्हे. वैकुंठ म्हटल्यावर मनात येते ती देवाच्या सहवासातली सुखाची जागा, तिचा मालक बदलला तरी जागा ओळखीची राहते. स्थळ, भाव, भक्ती यांची नावे त्यांनी इथली घेतली. देव कोण आहे याच्या गाभ्याशी जाणारी नावे बाहेरची ठेवली. झेवियर यांनी जपानात आधी एक टोक गाठले, मग गागोंनी दुसरे. स्टीफन्स मधून चालले. माझ्या मते त्या काळातल्या कोणत्याही जेजुइटाने केलेली ही सर्वांत विचारी निवड होती. अर्थात तिच्यावर पहाराही होता: पुस्तक छापायचे तर इन्क्विझिशनची परवानगी लागे.

त्यांची एक इच्छा मात्र पुरी झाली नाही. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना पत्र लिहिले. हे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रोदोल्फोंचे काका. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी फार दिवसांची इच्छा आहे, मलबारात तशी झाली आहेत, असे त्यांनी कळवले. अडचणही सांगितली: युरोपात चोवीस खिळ्यांवर भागते, इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशे साचे लागतील असे लोक म्हणतात. ते सहाशे साचे कधी ओतले गेले नाहीत. १६१६ मध्ये रायतूरच्या कॉलेजात, ज्याला पोर्तुगीज राशोल म्हणत, ग्रंथ छापला तो रोमन अक्षरांत. मराठी ओवी, ळ आणि ण सगळे त्या चोवीस खिळ्यांत कसेबसे बसवलेले. ‘पुराण’ हे नावही पुढच्या आवृत्तीत आले, पहिल्या वेळी पोर्तुगीज शीर्षक होते. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली. १६१९ मध्ये स्टीफन्स गेले. त्यांची दोतीन १६२२ मध्ये, आणि कोकणीचे व्याकरण, दियोगु रिबेरु यांनी वाढवलेले, १६४० मध्ये निघाले. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेजुइटाने संत पीटरच्या जीवनावर ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, पुढे आंतोनियु द साल्दान्य यांनी पदुआच्या संत अँटनीवर. एका परकीय धर्मसंघाच्या हातून मराठी पुराणांची परंपराच सुरू झाली.

स्टीफन्स गेले त्याच १६१९ साली गोव्यात धर्मपंडितांची एक परिषद भरली. प्रश्न मदुराईचा होता. तिथे रोबेर्तो द नोबिली हे इटालियन जेजुइट संन्याशाच्या वेषात राहत होते, मांसाहार सोडून. पाद्रींच्या तोंडची जुनी पोर्तुगीजमिश्रित तमिळ टाकून त्यांनी देवाला ‘सर्वेश्वरन्’, मिस्साला ‘पूसै’, कृपेला ‘अरुळ्’ असे शब्द घेतले होते. नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे-शेंडी ठेवू दिली होती. गोव्याचे आर्चबिशप विरोधात होते. गंमत म्हणजे इन्क्विझिशनचे एक अधिकारी बाजूने उभे राहिले. प्रकरण रोमला गेले आणि ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी नोबिलींना सवलत दिली. खुद्द संघातही या पद्धतीवर एकमत नव्हते.

चीनमध्ये हाच वाद शतकभर चालला. मात्तेओ रिच्ची सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्याला आले होते, स्टीफन्सच्या वर्षभर आधी. पुढे ते मकावला गेले, तिथून झाओछिंगला. तिथल्या एका तरुणाकडे पाद्रींनी आपली वेदी सांभाळायला ठेवली होती. परत येऊन पाहतात तर त्याने भिंतीवर दोन अक्षरे लिहिली होती, ‘तिएनचू’, स्वर्गाचा स्वामी, आणि समोर उदबत्त्या लावल्या होत्या. पाद्रींना तेच नाव आवडले. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत तो शब्द इंद्रासाठी आलेला होता, पण ही गोष्ट आड आली नाही. रिच्चींनी त्याच्या जोडीला चिनी अभिजात ग्रंथांतले ‘शांग-ती’ आणि ‘तिएन’ हेही शब्द वापरले. हे प्राचीन ऋषी एका खऱ्या देवालाच ओळखत होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यानंतर प्रमुख झालेल्या लोंगोबार्दो यांना हे अजिबात मान्य नव्हते. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन चीनमध्ये आले तेव्हा तक्रारी रोमला गेल्या. १७०४ मध्ये ‘तिएन’ आणि ‘शांग-ती’ यांवर बंदी आली, ‘तिएनचू’ तेवढे राहिले. पूर्वजांच्या पूजेलाही मनाई झाली. सम्राट कांगशी जेजुइटांचे मित्र होते, त्यांच्या गणित-ज्योतिषाचे चाहते. आपल्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ रोममध्ये बसून ठरवला जातो, याचा त्यांना संताप आला आणि धर्मप्रसारावर बंदी पडली. १७४२ मध्ये चीनसाठी आणि १७४४ मध्ये दक्षिण भारतासाठी रोमने शेवटचा नकार दिला, वर या प्रश्नावर पुन्हा न बोलण्याची शपथ धर्मप्रसारकांवर लादली.

संघाचे दिवसही फिरत होते. पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांनी १७५९ मध्ये जेजुइटांना हद्दपार केले. गोव्यातल्या पाद्रींना पकडून जहाजांवर चढवले. रायतूरचे कॉलेज, सासष्टीची चर्चे दुसऱ्यांच्या हाती गेली. फ्रान्स, स्पेन मागोमाग आले. २१ जुलै १७७३ रोजी पोप चौदावे क्लेमेंट यांनी संघच बरखास्त केला. संघप्रमुख लोरेंझो रिच्ची रोमच्या सांत आंजेलो किल्ल्यात कैदेत राहिले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. जीव धरून राहिला तो रशियातला एक तुकडा. पोलंडच्या फाळणीत मिळालेल्या मुलखात जेजुइटांच्या शाळा होत्या. त्या चालू राहाव्यात म्हणून ऑर्थोडॉक्स पंथाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांनी पोपची आज्ञा जारीच होऊ दिली नाही. ७ ऑगस्ट १८१४ रोजी पोप सातवे पायस यांनी संघ पुन्हा उभा केला. १८५४ मध्ये जेजुइट मुंबईत आले, १८६९ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढले. चीनमधल्या पूर्वजपूजेवरची बंदी रोमने १९३९ साली उठवली.

मधल्या काळात क्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता, तेव्हा देशी भाषेतल्या पुस्तकाला वाली कुठून राहणार? तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ टिकला तो हाताने नकलून घेणाऱ्यांमुळे, विशेषतः गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कॅथलिक कुटुंबांमुळे. त्यांच्याकडे तो सुरात वाचला जाई. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळुरूला तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीतली छापील आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली, शांताराम बंडेलू यांची. रायतूरच्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी.

त्याआधी १९२० च्या दशकात आणखी एक शोध लागला होता. मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात, क्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडले. मूळ ग्रंथ हाच, असे त्यांना वाटले. पुढच्या अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. पण दोन्ही पाठ शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. मंगळुरूच्या पाठात जिथे पोर्तुगीज शब्द आहेत, तिथे मार्सडनच्या पाठात बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. स्टीफन्स यांनीच आधी तसे लिहिले होते आणि छापताना ते बदलावे लागले, की नंतरच्या कोणा मराठी ख्रिस्ती लेखनिकाला आपल्या देवाची नावे पूर्णपणे आपल्या भाषेत हवीशी वाटली? अ‍ॅबट यांचा कौल पहिल्या बाजूला. माझा दुसऱ्या. सासष्टीच्या चर्चमध्ये उठून पुराण मागणाऱ्या माणसांचे वंशज कवीच्याही पुढे एक पाऊल गेले असतील, तर ते मला अगदी स्वाभाविक वाटते.